गाडी चढली की बंद पडतंय

२०१३ च्या नोव्हेंबरात एका पहाटे पावणेसहाला मला दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावरून फोन आला. आदल्या संध्याकाळी गव्हाणीत मोळी टाकून हंगामाची पूजा झाली होती आणि रात्रभरात बैलगाड्यांची नि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. काट्यावरचा माणूस ओरडत नव्हता. तो एवढंच म्हणाला, "साहेब, काटा रिकामा असला की चालतंय, गाडी चढली की बंद पडतंय बघा."

दोषाचं इतकं नेमकं वर्णन मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. काय होतं, कधी होतं आणि कधी होत नाही, हे तिन्ही त्या एका वाक्यात होतं. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही, पण त्याचं वाक्य मी आजवर प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो आहे.

भोसरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही काट्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात, त्यांचे सिग्नल इंडिकेटरकडे जातात, इंडिकेटर आकडा दाखवतो आणि तोच आकडा केबलमधून संगणकाला देतो. वजन इंडिकेटरच करतो. आकडा स्थिर झाला की नाही ते पाहायचं, तो गाडीच्या नंबराशी आणि शेतकऱ्याच्या खात्याशी जोडायचा आणि पावती छापायची, एवढं संगणकाचं काम. त्यातलं ‘स्थिर झाला की नाही’ हे सगळ्यात अवघड. ट्रक उभा राहिला की दोन-तीन सेकंदांत शांत होतो. बैल मात्र मान हलवतात, पाय बदलतात, शेपटी मारतात, आणि आकडा वरखाली होत राहतो. त्यासाठी मी एक छोटी लायब्ररी लिहिली होती. नवा आकडा आला की ती जुन्या आकड्यांचं महत्त्व मधल्या वेळेच्या हिशेबानं कमी करत जायची. त्या हिशेबाला ‘ई’चा घात काढणारं ‘एक्स्प’ हे फंक्शन लागायचं. प्लॅटफॉर्मवर ठरावीक भार आला की मगच ही गाळणी सुरू व्हायची. रिकाम्या काट्यावर तिला काही कामच नव्हतं.

काटा थांबणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून चटकन कळत नाही. बारा-अठरा महिने शेतात उभा असलेला ऊस त्या प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटांत आकडा होतो आणि त्या आकड्यावर घरचं वर्ष ठरतं. ‘काटामारी’, म्हणजे वजनातली फसवणूक, हा शब्द ज्या माणसांनी आयुष्यभर ऐकला आहे, त्यांच्यासमोर संगणकाचा पडदा विझला की रांगेत कुजबुज सुरू होते. तिथे कोणी वाईट हेतूनं काही केलेलं नव्हतं, पण रांगेतल्या माणसाला ते कळायचा मार्ग नव्हता. तो दोष माझा होता आणि त्याचा संशय काट्यावरच्या लोकांना सोसावा लागत होता.

दुरून त्या संगणकावर शिरलो. नोंदींच्या फाइलमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: आमच्या लायब्ररीचं नाव आणि पुढे ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल: एक्स्प’. म्हणजे प्रोग्रॅम ‘एक्स्प’ शोधतोय आणि ते त्याला कुठेच सापडत नाही. प्रत्येक गाडीला तो मरत होता, दर वेळी आपोआप पुन्हा उठत होता आणि पुढच्या गाडीला पुन्हा मरत होता.

हे समजायला सामायिक लायब्ररी कशी जोडली जाते ते थोडं सांगायला हवं. लिनक्सवर प्रोग्रॅम तयार होतो तेव्हा लायब्ररीतला कोड त्याच्या पोटात येत नाही. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये फक्त एक यादी असते, ‘मला या या लायब्ररी लागतात’ अशी. तिच्या एकेका नोंदीला ‘नीडेड’ म्हणतात. प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लिंकर ती यादी वाचतो, त्या लायब्ररी मेमरीत चढवतो, मग त्या लायब्ररींच्या स्वतःच्या याद्या वाचतो आणि त्यांना लागणाऱ्याही चढवतो. सगळं नीट चालतं ते याद्या खऱ्या असल्या तर. माझ्या लायब्ररीच्या यादीत सीची मूळ लायब्ररी होती, गणिताची नव्हती. ‘एक्स्प’ राहतं गणिताच्या लायब्ररीत, लिबएममध्ये, आणि ती हवी असेल तर लिंक करताना ‘मायनस एल एम’ असं सांगावं लागतं. मी ते सांगायचं विसरलो होतो.

मग हे आधी कुणालाच कसं दिसलं नाही? यावर मी त्या दिवसांत बराच विचार केला, कारण चूक बारीक होती आणि ती लपायला तीन जागा होत्या.

पहिली जागा लिंकरची, म्हणजे बांधणीच्या वेळी तुकडे जोडणाऱ्या साधनाची. पूर्ण प्रोग्रॅम बनवताना एखादं नाव सापडलं नाही की लिंकर तिथेच अडवतो. सामायिक लायब्ररी बनवताना मात्र तो सवलत देतो. हे नाव लायब्ररी चढवणारा कुणीतरी पुढे पुरवेल, असं तो धरून चालतो. त्यामुळे माझी लायब्ररी कुरकुर न करता तयार झाली. दुसरी जागा आमच्या चाचण्यांची. आमचा जुना प्रोग्रॅम आणि चाचण्यांचा प्रोग्रॅम दोन्ही सी-प्लस-प्लसमध्ये होते. सी-प्लस-प्लसचा कंपायलर गणिताची लायब्ररी न मागताही जोडतो. त्यामुळे त्या प्रोग्रॅममध्ये लिबएम आधीच चढलेली असायची, आणि माझ्या लायब्ररीला हवं असलेलं नाव शेजाऱ्याकडे आयतं मिळायचं. त्या वर्षी मी जुन्या प्रोग्रॅमच्या जागी साध्या सीमधली, पडद्यामागे चालणारी एक सेवा लिहिली होती. ती माझी लायब्ररी चालता चालता चढवायची, आणि तिच्या शेजारी लिबएम नव्हती.

तिसरी जागा सगळ्यात फसवी. लायब्ररी आळशी पद्धतीनं चढवली, तर फंक्शनांची नावं चढवताना शोधली जात नाहीत. ज्याला त्याला पहिल्यांदा हाक मारली जाते तेव्हा शोधली जातात. सुरुवात लवकर व्हावी म्हणून केलेली ही सोय आहे, आणि एरवी ती चांगलीच आहे. आमच्याकडे मात्र त्याचा अर्थ असा झाला, की सेवा रात्री आठला सुरू झाली, इंडिकेटरशी बोलली, रिकाम्या काट्याचा शून्य आकडा दाखवत रात्रभर शांत बसली, आणि पहाटे पहिली बैलगाडी चढल्यावर गाळणी सुरू झाली तेव्हा तिला पहिल्यांदा ‘एक्स्प’ हवं झालं. काटा रिकामा असला की चालतंय, गाडी चढली की बंद पडतंय.

तेवढ्यापुरता उपाय सोपा होता. सेवा सुरू करण्याच्या ओळीत ‘एलडी-प्रीलोड’ घालून लिबएम आधीच चढवायला लावली. सव्वासातपर्यंत पावत्या छापायला लागल्या. मधल्या गाड्यांचे आकडे काट्यावरच्या माणसानं इंडिकेटरवर बघून, शेतकऱ्याला दाखवून, वहीत लिहून ठेवले होते.

ऑफिसात आलो आणि घाईघाईत सेवेच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, ‘मायनस एल एम’ घातलं. माझ्या सेंटओएस ६ या लिनक्सवर चाललं. शेजारच्या मुलाच्या उबुंटूवर तेच घेतलं तर पुन्हा तीच चूक. मला उमगेना. आमचे सगळ्यात जुने अभियंते, ज्यांना ऑफिसात सगळे मोठे सर म्हणत, खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारलं, "एक्स्प वापरतंय कोण?"

"लायब्ररी, सर."

"मग सेवेला का जोडतोयस?"

उत्तर त्या प्रश्नातच होतं. उबुंटूच्या ११.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, तिथला लिंकर ‘अ‍ॅज-नीडेड’ पद्धतीनं चालतो: तुम्ही जोडायला सांगितलेल्या लायब्ररीतलं एकही नाव तुम्ही स्वतः वापरत नसाल, तर तो ती यादीतून गाळून टाकतो. सेवा स्वतः गणित करतच नव्हती. लिंकरनं बरोबर गाळलं होतं. ज्याला गरज आहे त्यानंच ती आपल्या यादीत लिहायची, शेजाऱ्याच्या यादीत लिहून भागत नाही. ‘मायनस एल एम’ लायब्ररीच्या मेकफाइलमध्ये हलवलं आणि दोन्ही यंत्रांवर चाललं.

मग मी कमिट केलं, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये हा बदल नोंदवला. संदेश लिहिला, ‘बिल्ड फिक्स’.

त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं होतं: पहाटेचा फोन, रांग, सी आणि सी-प्लस-प्लसमधला फरक, आळशी शोध, मोठ्या सरांचा प्रश्न. दोन शब्दांत ते सगळं लिहिल्यासारखंच मला वाटलं, कारण वाचणाराही मीच होतो. आपल्या मनात जे आधीच चढलेलं आहे ते वाचणाऱ्याच्या मनातही असेल, असं आपण धरून चालतो. माझ्या लायब्ररीनं अगदी हेच केलं होतं. पण हे मला दिसायला दोन वर्षं जावी लागली.

दोन हंगाम गेले. आमच्याकडे सांगलीहून एक मुलगी आली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, कामाला फार नेटकी. मेकफाइलींमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता, तो काढायचं काम मीच तिला दिलं. तिनं प्रत्येक ओळ पाहिली. लायब्ररीच्या मेकफाइलमध्ये तिला ‘मायनस एल एम’ दिसलं. ते काढून लायब्ररी बांधली तर लिंकर काही बोलला नाही. सगळ्या चाचण्या चालवल्या, त्या पास झाल्या. ‘गिट ब्लेम’ करून ती ओळ कुणी आणि का घातली ते तिनं पाहिलं. माझं नाव निघालं आणि पुढे ‘बिल्ड फिक्स’. तिनं ती ओळ काढली. तिच्या जागी मीही काढली असती.

पुढच्या हंगामात दुसऱ्या एका कारखान्यातून फोन आला. या वेळचा माणूस वेगळा होता. तो म्हणाला, "सिस्टीम बंद आहे." तिथलं इंटरनेट चालत नव्हतं, नोंदींची फाइल मला दिसत नव्हती. मी संगणक बंद करून चालू करायला लावला, केबल बदलायला लावली, इंडिकेटरचा पोर्ट तपासायला लावला. दोन तास गेले. मग कुठून कोण जाणे माझ्या तोंडून प्रश्न आला, "गाडी चढल्यावर बंद पडतं का हो?" पलीकडून उत्तर आलं, "होय की. रिकामा असला की चालू असतंय." माझ्या हातापायातलं बळ गेलं. हाच दोष मी एकदा शोधला होता, दुरुस्त केला होता, आणि त्याची एकही खूण मागे ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळी सांगलीची ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिचे डोळे लाल होते. "सर, माझ्यामुळे झालं." मी तिला बसवलं आणि ‘गिट ब्लेम’ उघडून तिला पुन्हा तीच ओळ दाखवली. म्हटलं, "तू विचारलंस. इथे येऊन विचारलंस. उत्तर द्यायचं काम माझं होतं, आणि ते मी दोन वर्षांपूर्वी केलं नाही." हे मी तिची समजूत काढायला बोललो नव्हतो. तेव्हाही मला तसंच वाटत होतं आणि आजही वाटतं.

मोठे सर तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी आम्हा दोघांना घेऊन ती दुरुस्ती पुन्हा करवली. या वेळी ओळ घालायला एक मिनिट लागलं आणि संदेश लिहायला पाऊण तास. तो पाऊण तास माझ्या नोकरीतल्या सगळ्यात उपयोगी वेळेपैकी आहे.

सरांनी आधी एक गोष्ट स्पष्ट केली. कोडमध्ये काय बदललं ते गिट स्वतः दाखवतं, हिरव्या-लाल ओळींत. ते पुन्हा शब्दांत लिहिण्यात काही हशील नाही. जे त्या ओळींत दिसत नाही ते लिहायचं. मग त्यांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. काय दिसलं होतं? चुकीचा मजकूर जसाच्या तसा लिही, कारण पुढे कुणीतरी तोच मजकूर शोधणार आहे. का होत होतं? नेहमी का होत नव्हतं? दुरुस्ती इथे का, तिथे का नाही? ती टिकते आहे हे कसं तपासायचं? दर उत्तराला ते म्हणत, "हं, हे लिही." तिनं तीनदा लिहिलं. मूळ इंग्रजीत आहे. मराठीत ते साधारण असं होईल:

‘काट्याच्या लायब्ररीला गणिताची लायब्ररी जोडा.

ही लायब्ररी एक्स्प वापरते, पण लिंक करताना लिबएम जोडलेली नाही. सी-प्लस-प्लसच्या प्रोग्रॅममधून ती चालते, कारण तिथे लिबएम आधीच चढलेली असते. सीमधल्या सेवेत ती नसते. प्लॅटफॉर्मवर पहिली गाडी आली की सेवा "अनडिफाइन्ड सिम्बॉल: एक्स्प" म्हणून बंद पडते. नाव पहिल्या वापराच्या वेळी शोधलं जातं, म्हणून रिकाम्या काट्यावर हा दोष दिसत नाही.

लिबएम सेवेला जोडून चालणार नाही. सेवा स्वतः त्यातलं काही वापरत नाही, त्यामुळे उबुंटूचा लिंकर ती जोडणी गाळतो.

ही ओळ पूर्वीही होती. कारण लिहिलेलं नव्हतं आणि चाचण्यांत दोष दिसत नव्हता, म्हणून ती मेकफाइलच्या सफाईत निघाली. यापुढे निघाली तर लिंकरनंच अडवावं यासाठी पुढच्या कमिटमध्ये झेड-डेफ्स घालत आहोत.

तपासणी: लायब्ररीवर रीडएल्फ मायनस डी चालवा. नीडेडच्या यादीत लिबएम दिसली पाहिजे.’

‘झेड-डेफ्स’ हा लिंकरचा पर्याय आहे. तो दिला की सामायिक लायब्ररीची सवलत बंद होते. लायब्ररी वापरते ते प्रत्येक नाव तिच्या स्वतःच्या यादीतल्या कुठल्यातरी लायब्ररीत सापडलंच पाहिजे, नाहीतर ती बनतच नाही. तो घातल्यावर आमच्या आणखी दोन लायब्ररी बनायच्या थांबल्या. त्याही इतकी वर्षं शेजाऱ्याच्या जिवावर चालत होत्या.

हा बदल वेगळ्या कमिटमध्ये घालायचा आग्रह सरांचा होता, आणि त्यामागे त्या दिवसाचाच अनुभव होता. तिच्या सफाईच्या एका कमिटमध्ये अकरा बदल होते. ‘गिट बायसेक्ट’नं दोष त्या कमिटपर्यंत आणून सोडला, पण अकरातला कुठला ते सांगू शकलं नाही, आणि ते कमिट उलटवायचं म्हटलं तर दहा चांगले बदलही जाणार होते. लिनक्स कर्नलच्या लोकांनी पॅच कसे पाठवावेत याचे नियम लिहून ठेवले आहेत: एका पॅचमध्ये एकच बदल, आधी अडचण सांगा, आज्ञार्थी क्रियापद वापरा, आणि आधीच्या कमिटमधली चूक दुरुस्त करत असाल तर ‘फिक्सेस’ लिहून त्या कमिटच्या खुणेची पहिली बारा अक्षरं द्या. एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो माणसं एकाच कोडवर काम करतात, तेव्हा अशा नियमांशिवाय भागत नाही. गिट हे साधनही २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नलच्याच कामासाठी लिहिलं. आमच्या आठ माणसांच्या ऑफिसात असे नियम कशाला, असं मला आधी वाटायचं. पण दोन वर्षांनंतरचा मी हाही मला कधी न भेटलेलाच माणूस निघाला.

‘आजवर चाललं’ या शब्दांवरचा माझा विश्वास त्या प्रसंगानंतर उडाला. याचं एक मोठं उदाहरण २०१० मधलं आहे. फेडोरा १४ या लिनक्समध्ये सीच्या मूळ लायब्ररीतलं मेमरीची नक्कल करणारं ‘मेमकॉपी’ हे फंक्शन वेगवान केलं गेलं आणि काही प्रोसेसरांवर ते उलट्या दिशेनं नक्कल करू लागलं. ज्या दोन जागा एकमेकींवर चढतात त्यांच्यासाठी हे फंक्शन वापरू नये, असा नियम पहिल्यापासून होता. नियम मोडणारे प्रोग्रॅम तोवर नशिबानं चालत होते. आता ६४-बिट फ्लॅश प्लेयरमधून आवाज खरखरत यायला लागला. खुद्द टॉरवाल्ड्स त्या चर्चेत उतरले. वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम मोडू नये, ही त्यांची बाजू होती. पुढे २०११ मध्ये त्या मूळ लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, २.१४ आवृत्तीनं मेमकॉपीला नवी आवृत्ती-खूण दिली, म्हणजे आधी बांधलेल्या प्रोग्रॅमांना जुनंच वर्तन मिळत राहिलं. सामायिक लायब्ररीत प्रत्येक नावामागे असा इतिहास असू शकतो. तो कुणीतरी लिहून ठेवला म्हणूनच मला आज सांगता येतो.

पण आमच्या ऑफिसात नियम सांगून संदेश सुधारले नाहीत. हे का, ते समजायला मला आणखी वर्ष लागलं. मुलं आळशी आहेत, असं मी धरून चाललो होतो. एकदा इस्लामपूरकडच्या एका मुलानं फार अवघड दोष शोधून काढला. चहाच्या टपरीवर त्यानं तो मला असा रंगवून सांगितला, की मी कप हातात तसाच धरून ऐकत राहिलो. परत येऊन त्याचं कमिट पाहिलं तर दोन शब्द: ‘इश्यू सॉल्व्ह्ड’. मी त्याला विचारलं, "अरे, आत्ता मला सांगितलंस ते कुठे गेलं?" तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, ते इंग्लिशमध्ये लिहायला गेलो की चुकतंय. चार लोक बघत्यात. त्यापेक्षा थोडक्यात बरं."

मला फार वाईट वाटलं. त्याला समजत सगळं होतं, सांगताही येत होतं. मधे एक भाषा उभी होती, आणि तिच्या भीतीनं त्याचं अर्धं ज्ञान त्याच्याजवळच राहत होतं. माझीही सुरुवात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली. पहिली कितीतरी वर्षं मीसुद्धा दोन-तीन शब्दांची कमिटं करत होतो. ‘बिल्ड फिक्स’ लिहिताना घाई होती हे खरं, पण त्या घाईखाली हीसुद्धा भीती होती.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत पाडली. कमिट करण्याआधी शेजारच्याला खुर्ची वळवून मराठीत सांगायचं: काय बिघडलं होतं, का, आणि तू काय केलंस. ऐकणाऱ्यानं मधे ‘का?’ विचारायचं. जे बोललं गेलं तेच मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवायचं. व्याकरण चुकलं तर चुकू दे. ‘का’ चुकता कामा नये. काही संदेशांत मराठी शब्द तसेच राहिले. ‘गव्हाण’, ‘भरगाडी’, ‘मोळी’ यांना आम्ही इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसलो नाही, कारण आमच्या कोडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ते कळतात. सहा महिन्यांत संदेश बदलले. त्याहून मोठं म्हणजे खुर्ची वळवून सांगतानाच कितीतरी चुका सापडायला लागल्या. सांगता सांगता माणूस थांबायचा आणि म्हणायचा, "थांब, असं कसं होईल?" कारण धड सांगता येत नसेल तर बहुतेक वेळा दुरुस्तीच चुकीच्या जागी झालेली असते. सेवेला जोडलेलं माझं ‘मायनस एल एम’ मी कुणाला सांगून पाहिलं असतं, तर मोठ्या सरांनी खुर्ची ओढेपर्यंत थांबावं लागलं नसतं.

सांगलीची ती मुलगी पुढे आमच्याकडे चार वर्षं होती. तिनं केलेलं एक कमिट मला नेहमी आठवतं. सेवेत वेळ मोजायला ‘क्लॉक-गेटटाइम’ हे फंक्शन वापरलं होतं. काट्यांवरची बरीच यंत्रं सेंटओएस ६ वर होती, आणि तिथल्या जीलिबसी २.१२ मध्ये हे फंक्शन मूळ लायब्ररीत नसून लिबआरटी या वेगळ्या लायब्ररीत आहे. मूळ लायब्ररीत ते २.१७ पासून आलं. त्यामुळे नव्या यंत्रांवर बांधणी सरळ व्हायची आणि जुन्यांवर अडायची. तिनं ‘मायनस एल आर टी’ जोडलं. संदेशात हे सगळं लिहिलं, आवृत्त्यांच्या आकड्यांसकट. आणि शेवटी एक वाक्य घातलं: काट्यांवरचं शेवटचं सेंटओएस ६ यंत्र बदललं गेलं की ही ओळ काढून टाका.

ती ओळ कधी काढायची हे लिहिलेलं आमच्या कोडमधलं ते पहिलं कमिट होतं. मी तिला तेव्हा नीट शाबासकीही दिली नाही. हंगामाची गडबड होती.

ती बंगळूरला गेली. सेंटओएस ६ चा आधार नोव्हेंबर २०२० मध्ये संपला, आणि कारखान्यांनी एकेक करत यंत्रं बदलली. पुढच्या उन्हाळ्यात शेवटचं यंत्र उतरवलं, तेव्हा आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी आलेला एक मुलगा मेकफाइल उघडून बसला होता. त्यानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘मायनस एल आर टी’च्या ओळीवर त्यानं ‘गिट ब्लेम’ केलं, संदेश शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडे वळून विचारलं, "सर, सेंटओएस सिक्स आता कुठंच नाही ना?"

"नाही."

त्यानं ओळ काढली, बांधणी केली, रीडएल्फनं यादी पाहिली. मग शेजारच्याकडे खुर्ची वळवली आणि मराठीत सांगायला लागला, की ही ओळ का होती आणि आता का नको.